शरीरसंपदा आणि महिनाअखेर

संपत्तीचे जे नाना प्रकार आपल्या भाषेने मानले आहेत, त्यांत ‘शरीरसंपदा’ हा मला सर्वांत सोयीचा वाटत आला आहे. ज्ञानसंपदा मिळवावयाची तर पुस्तके हवीत, गुरू हवा, आणि या दोहोंपेक्षा दुर्लभ अशी चिकाटी हवी. द्रव्यसंपदेशी माझा परिचय प्रत्येक महिन्याच्या पहिल्या आठवड्यापुरता असतो. शरीरसंपदा मात्र जन्मतःच प्रत्येकाच्या पदरात थोडीबहुत पडलेली असते. तिच्यावर भाऊबंद दावा लावीत नाहीत, ती चोरीला जात नाही, आणि तिच्यावर कर बसविण्याची कल्पना अद्याप कोणत्याही अर्थमंत्र्याला सुचलेली नाही. असे असूनही ही संपदा राखण्याचा खर्च अलीकडे इतका वाढला आहे की, ज्याच्याजवळ दुसरी संपदा असेल त्यालाच ही राखता येते, असा समज सर्वत्र पसरला आहे. हा समज कितपत खरा आहे, हे तपासून पाहण्याचे काम दोन वर्षांपूर्वी मजवर अकस्मात येऊन पडले.

मी मुद्रितशोधक आहे. पुण्यातील एका छापखान्यात टेबलाशी बसून दुसऱ्यांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दुरुस्त करणे हा माझा तीस वर्षांचा धंदा. बावन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या रक्ताचे मुद्रितशोधन केले आणि समासात एक खूण करून ठेविली : साखर सीमेवर येऊन ठेपली आहे. “अजून गोळ्या देत नाही,” ते म्हणाले, “पण सहा महिन्यांत शरीर हलले नाही तर द्याव्या लागतील, आणि एकदा सुरू झाल्या की त्या बहुधा जन्मभर.” ज्याचा पगार वीस तारखेलाच धापा टाकू लागतो, त्याला ‘जन्मभर’ या शब्दाचा अर्थ फार लवकर समजतो. मुलगी कॉलेजात आहे. घराचे भाडे दरवर्षी वाढते. आणि गोळ्यांमागून तपासण्या, तपासण्यांमागून आणखी गोळ्या, अशी ती वरात एकदा दारात आली की परत फिरत नाही. श्रीमंताच्या घरी आजार हे संकट असते. आमच्यासारख्यांच्या घरी ते दिवाळे असते.

तेव्हा मी प्रथम, सर्व सुज्ञ माणसे करतात तेच केले. जवळच्या एका व्यायामशाळेत चौकशीस गेलो. तिला आता व्यायामशाळा म्हणत नाहीत, ‘जिम’ म्हणतात. आणि एवढा लहान शब्द इतका महाग का असावा हे मला अजून उलगडलेले नाही. काचेच्या भिंतींआड दहाबारा माणसे फिरत्या पट्ट्यावर चालत होती, आणि कोठेही पोहोचत नव्हती. वर्षाची वर्गणी बारा हजार रुपये. मी मनाशी हिशेब केला : लिटरला साठ रुपयांच्या भावाने याचे दोनशे लिटर दूध होते. म्हणजे व्यायाम विकत घेतला असता, तर व्यायामानंतर प्यावयाचे दूध बंद करावे लागले असते. त्या फिरत्या पट्ट्याविषयी एक मौजेची गोष्ट मला ठाऊक होती. त्याचा पूर्वज असलेले पायचक्र १८१८ साली विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज यंत्रज्ञाने तुरुंगांसाठी योजिले. कैद्यांनी तासन् तास त्याच्या पायऱ्या चढत राहावे, आणि त्या शक्तीने धान्य दळावे किंवा पाणी उपसावे. पुष्कळ ठिकाणी तर त्या चक्राने काहीच होत नसे, नुसती शिक्षा होई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शिक्षा फार क्रूर ठरवून बंद करण्यात आली. एका शतकाच्या कैद्याला जे सक्तीने करावे लागे, त्यासाठी दुसऱ्या शतकातील स्वतंत्र नागरिक वर्गणी भरतो, हा काळाचा महिमा होय.

परंतु या विनोदाच्या मागे एक गंभीर गोष्ट आहे, आणि ती मला माझ्या वडिलांवरून समजली. माझे वडील टपालखात्यात पोस्टमन होते. खांद्यावर पिशवी घेऊन ते शुक्रवार आणि सदाशिव पेठांतून चालत. वाडे तेव्हा जिवंत होते आणि जिने अंधारे होते. दर जिन्याच्या माथ्यावर कोणाची तरी मनीऑर्डर असे. ती सही घेऊनच द्यावयाची, तेव्हा खालून हाक मारून भागत नसे. ते सत्त्याऐंशी वर्षे जगले, आणि अखेरच्या वर्षापर्यंत भाजी स्वतः आणीत. त्यांनी उभ्या आयुष्यात ‘व्यायाम’ म्हणून काही केल्याचे मला आठवत नाही. करण्याचे कारणच नव्हते. त्यांच्या व्यायामाचा पगार त्यांस सरकार देत असे.

एका पोस्टमनच्या दीर्घायुष्यावरून सिद्धान्त काढू नये, हे मला कळते. पण ज्यांनी हजारो माणसांवरून तो काढला, तेही याच ठिकाणी येऊन पोहोचले. जेरी मॉरिस या इंग्रज वैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूकखात्यातील सुमारे ३१,००० पुरुषांची पाहणी केली, आणि तिचे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध केले. दुमजली बसगाडीवर दोन माणसे काम करीत : एक चालक, तो दिवसभर बसून असे, दुसरा वाहक, तो दिवसभर जिना चढउतार करी. दोघे एकाच शहरात राहात, एकाच गाडीवर काम करीत. तरीही हृदयविकार वाहकांत कमी आढळला, आणि ज्यांस झाला त्यांतही तो सौम्य होता. टपालखात्यातही हेच दिसले : पत्रे वाटीत फिरणाऱ्यांची हृदये टेबलाशी बसणाऱ्यांच्या हृदयांपेक्षा सुस्थितीत होती. मॉरिस हा प्रामाणिक शोधक होता. १९५६ साली त्याने स्वतःच्याच निष्कर्षावर एक शंकाही नोंदविली. खात्याने दिलेल्या गणवेशांची मापे पाहता चालकांच्या कंबरा नोकरीच्या आरंभापासूनच रुंद होत्या; तेव्हा दोष सगळा बसण्याचा नसून, बसण्याची नोकरी पत्करणाऱ्या देहाचाही काही असावा. पुढे अनेकांच्या संशोधनाने मूळ गोष्ट पक्की झाली. मॉरिस स्वतः नियमाने व्यायाम करी, आणि २००९ साली नव्याण्णवाव्या वर्षी वारला.

हे वाचल्यापासून माझ्या मनात एक विचार घर करून बसला आहे. वडिलांच्या पिढीत श्रम आणि वेतन एकाच पाकिटात मिळत. माझ्या पिढीत ती दोन निराळी पाकिटे झाली. मला जे वेतन मिळते ते बसण्याचे मिळते. हलणे मला बाहेरून विकत घ्यावे लागते, आणि तेही त्याच वेतनातून. मराठी भाषा मोठी खट्याळ आहे. तिने ‘बैठक’ हा एकच शब्द दोन उलट गोष्टींसाठी ठेविला : बसून राहण्यासही बैठक, आणि तालमीत उठण्याबसण्याचा जो कसदार व्यायाम तीही बैठक. माझ्या नोकरीत बैठक भरपूर आहे. बैठका मात्र एकही नाही.

येथे कोणी म्हणेल, मग हमालाचे, वीटभट्टीवरील मजुराचे आयुष्य सर्वांत निरोगी म्हणावे काय? तसे म्हणण्याचा मोह पोटभर जेवलेल्या लेखकांस पुष्कळदा होतो. मला तो होत नाही. कारण माझी आई मी पाहिली आहे. वाड्यात नळ खाली होता आणि आमचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर. पोस्टमनच्या जिन्यांचे गुण मी गाइले, पण आईच्या जिन्याची मोजदाद कोणी केली नाही. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन ती दिवसांतून कितीदा चढे कोण जाणे. आणि साठीच्या आत तिचे दोन्ही गुडघे निकामी झाले. अलीकडे संशोधकांनीही हे निरीक्षण नोंदविले आहे की, पोटासाठी उपसलेल्या जड कष्टांनी हृदयाचे तसे रक्षण होतेच असे नाही, जसे फुरसतीतल्या हालचालीने होते. याचे कारण सामान्य बुद्धीलाही दिसते. व्यायाम करणारा थकला की थांबतो; मजुराला थांबता येत नाही. व्यायामाने ताणलेला स्नायू रात्री झोपेत आणि अन्नात भरून येतो. मजुराची झोप अपुरी आणि अन्न त्याहून अपुरे. तेव्हा श्रम आणि व्यायाम यांतला भेद घामात नाही, विश्रांतीत आहे. ज्याला विश्रांती नाही त्याला फुकटचा व्यायामही फार महाग पडतो. काटकसरीच्या गोष्टी सांगताना हे विसरू नये.

असो. माझ्या वाट्याला बैठक आलेली आहे, तेव्हा विश्रांतीची तक्रार मी करू शकत नाही. मला हवा होता तो असा व्यायाम, की जो चटईएवढ्या जागेत मावेल आणि ज्याला उपकरण लागणार नाही. तो शोधण्यास दूर जावे लागले नाही. सूर्यनमस्काराची परंपरा आपल्याकडे जुनी. समर्थ रामदास नाशिकजवळच्या टाकळीस असताना रोज बाराशे नमस्कार घालीत, असे परंपरा सांगते. पण विसाव्या शतकात या व्यायामाला देव्हाऱ्यातून काढून शाळेच्या पटांगणावर आणण्याचे श्रेय मोठ्या अंशी औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांस दिले पाहिजे. ते स्वतः नित्य नमस्कार घालीत, त्यांनी या विषयावर लिहिले, आपल्या संस्थानातील शाळांतून नमस्कार सुरू केले. आणि १९३८ साली त्यांच्या पद्धतीवरचे एक इंग्रजी पुस्तक लंडनमध्येही प्रसिद्ध झाले. राजाने पुरस्कारावा आणि रंकाला परवडावा असा हा व्यायाम आहे. त्यांत दंडाचा जोर आहे, पाठीची कमान आहे, श्वासाची शिस्त आहे. आणि सारे संपल्यावर गुंडाळून ठेवावयाची वस्तू म्हणजे एक सतरंजी.

मी पहिल्या दिवशी तीन नमस्कार घातले. तिसऱ्याच्या अखेरीस सूर्याला नमस्कार करण्याऐवजी माझे कपाळ जमिनीलाच अधिक काळ टेकून राहिले. एका महिन्यात बारा झाले, चार महिन्यांनी चोवीस. बारा नमस्कारांस मला पाच मिनिटे लागतात. घाई केली तर श्वास चुकतो आणि कंबर तक्रार करते. त्यांच्या जोडीला वीस बैठका. पण गुडघा पूर्ण न मोडता, खुर्चीच्या उंचीपर्यंतच, कारण बावन्न वर्षांच्या गुडघ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. उचलण्यासाठी वजन हवे होते. जुन्या तालमींतून दगडी नाल असे, करेलांच्या जोड्या असत. आमच्या घरी बादल्या आहेत. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, हे शाळेत घोकलेले प्रमाण चाळीस वर्षांनी असे कामी आले. आज पाच लिटर, पुढील महिन्यात सहा. ज्याचा भार थेंबाथेंबाने वाढविता येतो असे दुसरे वजन कोणत्या दुकानात मिळेल? आणि उचलून झाल्यावर त्याच पाण्याने स्नान करता येते.

व्यायामाचा व्यापार आजचाच आहे असे मात्र समजू नये. सँडो हा युरोपातील प्रख्यात मल्ल १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात दौऱ्यावर आला होता. त्याच्या देहाची चित्रे घरोघर लागली, आणि त्याच्या नावाचे स्प्रिंगदार डंबेल्स जगभर विकले गेले. ते आता दिसेनासे झाले. पण त्याचे नाव आपल्या बिनबाह्यांच्या बनियनला जे चिकटले ते कायमचे. जगातील सर्वांत बलवान म्हणून मिरविलेल्या पुरुषाची आमच्या घरी उरलेली एकमेव आठवण दोरीवर वाळत असते, आणि नमस्काराच्या वेळी माझ्या अंगात असते. व्यायामाचा माझा सगळा पोशाख तोच.

दुसरा भाग चालण्याचा. छापखाना घरापासून अडीच किलोमीटर. पूर्वी बसने जात असे, आता चालत जातो. भाडे वाचते, आणि वाचलेल्या भाड्याचे फुटाणे येतात. रोज दहा हजार पावले चालावीत असे हल्ली जो तो सांगतो. हा आकडा कोठून आला हे पाहू गेले तर गंमत वाटते. १९६५ साली जपानात पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले, त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ असे होते. आकडा कानाला गोड, लक्षात राहण्यास सोपा. तो शास्त्र होऊन बसला. पुढे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, सोळा हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांच्या पाहणीत असे दिसले की, दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचेही मृत्यूचे प्रमाण त्याहून फार कमी चालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे घटले होते. आणि सुमारे ७,५०० पावलांच्या पुढे विशेष लाभ वाढला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जे प्रमाण सांगितले तेही माणसाच्या आवाक्यातले आहे : आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. ही मिनिटे सलग असावीत असाही आग्रह आता उरलेला नाही. जिन्यावरचा एक मिनिटही जमेस धरतात. माझ्यासारख्या सुट्या पैशांच्या माणसाला हा निर्णय फार आवडला.

येथे एका खर्चाचा उल्लेख केला पाहिजे, कारण काटकसरीचा उपदेश करणारे तो बहुधा लपवितात. पादत्राण चांगले हवे. झिजलेल्या चपलांनी डांबरी रस्त्यावर रोज पाच किलोमीटर चालणे म्हणजे टाचेच्या हाडाकडून कर्ज काढणे होय. आणि हाड सावकारी व्याज घेते. मी वर्षाला बुटांचा एक जोड घेतो, सवलतीचे दिवस पाहून. या एका बाबतीत कंजुषी केली नाही, म्हणून इतर बाबतींत करता आली.

अन्नाविषयी आपल्या तालमींचा दंडक निराळा. पैलवानाच्या भाषेत अन्न नसते, ‘खुराक’ असतो : दूध, तूप, बदाम, थंडाई. तालमीतील माती फुकट होती, पण खुराक कधीच फुकट नव्हता. म्हणून तर पैलवानाला राजाश्रय लागे, आणि राजे गेल्यावर गावाचा आश्रय. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासाच्या खर्चासाठी त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डीकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. आपण पदकाचे तेवढे स्मरण ठेवितो. मला त्या गहाणखताचेही स्मरण ठेवावेसे वाटते. गरिबाच्या अंगातील बळ जगापुढे यावयाचे तर कोणाला तरी आपले घर पणाला लावावे लागते.

मला हेलसिंकीस जावयाचे नव्हते, पर्वतीस जावयाचे होते. तेव्हा माझा खुराक शेंगदाणे, फुटाणे, मोड आलेली मटकी आणि ताक यांवर भागतो. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. एका अंड्यात ती सहाएक ग्रॅम. डब्यातून विकली जाणारी परदेशी भुकटी माझ्या भाच्याने मला दाखविली. तिचा भाव वाचून मी डबा दोन्ही हातांनी, मूल परत द्यावे तसा, त्याच्या हाती परत दिला.

अशा रीतीने द्रव्याचा प्रश्न सुटला. तो सुटताच लक्षात आले की, खरी वर्गणी द्रव्याची नसून वेळेची असते. आणि ही गोष्ट मला पुस्तकांनी सांगितली नाही, घरातून सांगण्यात आली. पर्वतीवर पहाटे जावयाचे ठरले त्या रात्रीच सौभाग्यवतीने विचारले, “अहो, तुम्ही टेकडीवर जाल ते ठीक. मी कोठे जाऊ?”

प्रश्न साधा होता, आणि त्याला साधे उत्तर नव्हते. सकाळी सहा ते सात हा तास मला मोकळा सापडला, कारण त्या तासात चहा, पोळ्या आणि मुलीचा डबा ही कामे दुसरे कोणी करीत होते. तिचेही वय पन्नाशीचे. तिच्याही आईला मधुमेह होता. घरकामात पुरेसा व्यायाम होतो हा पुरुषांचा लाडका सिद्धान्त आहे. पण आईचे गुडघे पाहिलेल्या माणसाने तो उच्चारू नये. शिवाय स्त्रीला पुरुषासारखे कोठेही, कसेही जाता येत नाही. रस्ता उजेडाचा हवा, टेकडीवर वर्दळ हवी, सोबत हवी. मी बिनबाह्यांच्या बनियनवर गच्चीत नमस्कार घातले तर शेजारी कौतुक करतात. तिने चार उड्या मारल्या तर खिडक्या उघडतात. बिनखर्ची व्यायाम पुरुषाला जितका बिनखर्ची असतो तितका स्त्रीला नसतो.

तेव्हा आम्ही तासाचीच वाटणी केली. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार माझे. रविवारी दोघे मिळून, आणि त्या दिवशी डबा नसतो. तिच्या दिवशी कणीक मी मळतो. पोळीला पूर्ण वर्तुळाचा आकार मला अद्याप साधलेला नाही; पण कणीक मळण्याने मनगट आणि दंड यांस जो ताण मिळतो, त्याची मी व्यायामाच्या वहीत रीतसर नोंद करतो. चाळीतल्या आणखी तिघी तिच्यासोबत जाऊ लागल्या. चौघी पर्वतीच्या पायथ्याशी जमतात आणि १०३ पायऱ्या चढताना इतके बोलतात की, कोणाला दम लागला हे कळतच नाही. चालण्याचा वेग बोलता येईल पण गाता येणार नाही एवढा असावा, असा वैद्यांचा ठोकताळा आहे. त्या चौघी तो न वाचता तंतोतंत पाळतात.

सहा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासले. साखर सीमेच्या आत आली होती. पुढच्या दोन तपासण्यांतही ती तेथेच राहिली. गोळ्या अद्याप सुरू झालेल्या नाहीत. उद्या होणारच नाहीत असे मी म्हणत नाही. वय आणि वंश यांच्यापुढे कोणाचे चालते? पण जे दिवस लांबले ते आमचे झाले, आणि त्या दिवसांचे पैसे मुलीच्या फीसाठी राहिले.

ही हकीकत वाचून कोणी असे म्हणू लागेल की, पाहा, इच्छा असली म्हणजे पैसा लागत नाही. हे वाक्य मला फार दिवस खरे वाटत होते. हिशेब पुरा मांडल्यावर ते अर्धेच खरे ठरते. माझा पैसा लागला नाही हे खरे, परंतु कोणाचा तरी लागला आहे. पर्वतीवर देवालय नानासाहेब पेशव्यांनी उभारले, आणि त्या पायऱ्या आजवर कोणीतरी डागडुजी करून राखल्या. कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधले. तेथे गरिबाच्या पोराची कुस्ती हजारो लोक पाहात. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ साली, दादरचे समर्थ व्यायाम मंदिर १९२५ साली निघाले. ते नफ्याच्या हिशेबाने निघाले नव्हते. पेठेपेठेतून ज्या तालमी होत्या, त्यांच्या हौद्यातील लाल मातीत तेल, ताक, हळद घालण्याचा खर्च पेठ उचलीत असे. आपले पूर्वज काटकसरी होते म्हणून व्यायाम स्वस्त होता, असे नाही. त्यांनी तो एकत्र येऊन विकत घेतला होता, म्हणून एकेकट्याला तो फुकट मिळत होता.

त्या तालमींपैकी काही अद्याप चालू आहेत. पुष्कळांची नुसती नावे चौकांना उरली आहेत. वडिलांच्या पिशवीतील कितीतरी पत्रांवर ‘नगरकर तालमीजवळ’ असा पत्ता असे, आणि आज रिक्षावालाही ते नाव घेतल्यावाचून चौकात पोहोचत नाही. पत्त्यात तालीम राहिली आणि पेठेतील मुलगा काचेआडच्या पट्ट्यावर गेला, किंवा कोठेच गेला नाही. महानगरपालिकेने बागांतून लोखंडी व्यायामसाधने बसविली आहेत, ती मला मनापासून आवडतात. पहाटे तेथे म्हातारे, मोलकरणी, रात्रपाळीहून परतलेले पहारेकरी एकाच रांगेत उभे असतात, आणि कोणी कोणाला वर्गणीची पावती मागत नाही. पण साधन बसविणे सोपे असते; जागा राखणे कठीण. २०२३ साली पुण्याच्या वेताळ टेकडीवरून नियोजिलेल्या रस्त्याविरुद्ध नागरिकांनी मोर्चा काढला, तेव्हा झाडे, पक्षी आणि भूजल यांविषयी पुष्कळ बोलले गेले, आणि ते योग्यच होते. मला त्यांत आणखी एक नाव घालावेसे वाटते. ज्याच्या खिशात जिमची वर्गणी नाही, ज्याच्या खोलीत दोन माणसांना हात पसरता येत नाहीत, त्याची व्यायामशाळा म्हणजे ती टेकडी. पदपथावर गाड्या उभ्या राहिल्या, पटांगणावर मंडप कायमचा बसला, टेकडीला रस्ता पडला, म्हणजे श्रीमंताचा व्यायाम बुडत नाही. तो काचेआड जातो. आमचा बुडतो.

तेव्हा काटकसरीने शरीर राखू इच्छिणाऱ्यांस माझे सांगणे दुहेरी आहे. सतरंजी, बादली, शेंगदाणे आणि बुटांचा एक चांगला जोड एवढ्या भांडवलावर उद्याच आरंभ करावा; तिथीवार पाहू नये, आणि घरात दुसरे कोणी असेल तर तासाची वाटणी आधी करावी. पण त्याबरोबरच आपल्या वॉर्डातील मैदान कोणाच्या नावे आहे, बाग किती वाजता बंद होते, पदपथ कोठवर शाबूत आहे, याचीही चौकशी ठेवावी. कारण आपल्या शरीरसंपदेचा मोठा भाग आपल्या शरीराबाहेर, सर्वांच्या सामाईक मालकीत आहे. सतरंजी मी स्वतः झाडून ठेवू शकतो, जिना मी एकटा चढू शकतो. टेकडी मात्र मला एकट्याला राखता येत नाही.